मंगळूचं वळण

"झाकणाला हात लावू नका."

आवाज आला तेव्हा आरोहीचा हात बोनेटच्या आत होता, रेडिएटरच्या झाकणापासून चार बोटांवर. तिनं झटकन हात मागे घेतला आणि वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. होतं ते फक्त धुकं. भाद्रपदातली दुपार, घड्याळात चार, आणि घाटात मात्र सगळं पांढरं. गाडीतून निघणारी वाफ कुठं संपते आणि धुकं कुठं सुरू होतं तेसुद्धा कळत नव्हतं.

आता ही आरोही कोण, ते सांगते. नाशिकच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायची. दर गुरुवारी सुरगाण्याला शिबिर असायचं. बाबांची जुनी पांढरी कार घेऊन ती सकाळी जायची, संध्याकाळी परत यायची. दुसऱ्यांना दिसतं की नाही हे तपासणारी पोरगी, आणि आज तिलाच दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. नशिबाची थट्टा म्हणतात ती अशी.

"कोण आहे?" तिनं विचारलं. आवाज जरा चिरकाच निघाला.

"झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं. अर्धा तास तरी हात लावायचा नाय."

मग तो दिसला. उंच, सडपातळ. डोक्यावरून काळ्या प्लास्टिकची खोळ घेतलेली, त्यामुळं चेहरा निम्मा झाकलेला. आणि दोन्ही हातांत... दगड. एकेक दगड नारळापेक्षा मोठा. आरोहीची पाचावर धारण बसली.

तो मात्र तिच्याकडे न बघता खाली बसला आणि दगड मागच्या चाकांना लावले. "उताराला गाडी हाय. हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका, म्याडम. चारी इंडिकेटर लावले का?"

"नाही..."

"लावा. आन उतरताना डाव्या दारानं उतरा. रस्त्याच्या अंगाला दार उघडायचं नाय."

तिनं मुकाट्यानं तसं केलं. का केलं, देव जाणे. भीती वाटत होती खरी, पण त्या आवाजात अशी काही खात्री होती की माणूस ऐकतोच. मोबाइलला रेंज नव्हती, ओरडलं तर ऐकायला कोणी नव्हतं, आणि हा माणूस तर गाडी वाचवायच्या खटपटीत होता. त्यानं मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून रस्त्यात टाकायला कडेच्या झुडपाच्या चार फांद्या तोडल्या आणि पावलं मोजत मागे निघाला. धुक्यानं त्याला गिळलं. नुसता आकडा ऐकू येत राहिला. साठ... सत्तर... ऐंशी... मग तोही नाही.

परत आला तो अगदी तिच्या बाजूला. पावलांचा आवाज नाहीच.

"इथं नका थांबू. मागून कुणी ठोकलं तर गाडी पुढंच जाणार. गाडीच्या मागच्या अंगाला, कठड्याच्या पलीकडं उभ्या राहा. चार हात सपाट जागा हाय तिथं."

"आणि तुम्ही?"

"मी बी येतो. एकटीनं उभं राहायला भ्या वाटत असंल तर."

"मला भीती वाटत नाही."

"मग पर्स कशाला छातीशी धरलीय?"

आरोहीला हसू आलं. त्याच क्षणी समोरून एक जीप आली, दिवे लावून, गोगलगायीच्या चालीनं. आत दहाबारा माणसं. जीप पलीकडच्या मैलाच्या दगडापाशी आणखी हळू झाली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि दगडावर फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवून गेला. आतल्या साऱ्यांनी हात जोडले. पण बघितलं कुणीच नाही. सगळ्यांच्या नजरा खाली. आणि जीप सुसाट निघून गेली.

"ते नमस्कार कुणाला करत होते?"

"तुम्हाला करत असतील. देखण्या दिसताय."

"आणि ते गाठोडं?"

"ते माझंच हाय. पण माझ्यासाठी नाय."

आरोहीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

अर्धा तास झाल्यावर त्यानं फडकं धरून झाकण सैल केलं, फाटलेल्या पाइपला चिकटपट्टी गुंडाळली, तिच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं. गाडी सुरू झाली. आरोहीला कधी एकदा निघते असं झालं होतं.

"दगड," तो म्हणाला.

"काय?"

"चाकाचे दगड. काढून कडेला टाकल्याशिवाय निघायचं नाय."

"उशीर झालाय हो मला. राहू देत ना दोन दगड."

तो नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यानं तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उतरली, एक दगड स्वतः उचलला. दुसरा त्यानं उचलला. तिच्या हातचा दगड घेताना त्याची बोटं लागली. बर्फासारखी गार. मग तो फांद्या गोळा करायला मागे गेला, आणि तिनं कितीही वाट पाहिली तरी आला नाही.

घाट उतरल्यावर साळूबाईची चहाची टपरी होती. पन्नाशीची बाई, हात सतत कामात. आरोहीनं सगळं सांगितलं तशी तिचे हात थांबले.

"मंगळूचं वळण ते. माझा ल्योक," ती म्हणाली. "चार वरसं झाली त्याला जाऊन. कुणीतरी पंचर काढून चाकाचे दगड तसंच टाकून गेलं. धुकं हुतं. मंगळूची मोटारसायकल त्यावर गेली. आता गुरुवारी त्यो तिथं दगड उचलतो. मी भाकरी धाडते." एवढं बोलून ती दूध आणायला आत गेली.

बाकावरचा एक जीपवाला आरोहीकडे झुकला. "ताई, परत दिसला तर थांबू नका. आम्ही तर ठरवलंय, रस्त्याच्या मधी उभा राहिला तरी ब्रेक मारायचा नाय. सरळ आरपार जायचं. भुतासाठी थांबलं की संपलं."

आरोहीच्या हातातला चहा तसाच गार झाला.

पुढचा आठवडाभर पोरीला झोप नाही. भुताची भीती म्हणावी तर भीतीत कुणाला "देखण्या दिसताय" असं पुन्हा पुन्हा आठवतं का? तुम्हीच सांगा. गुरुवारी ती सुरगाण्याहून लवकर निघाली. वळणाच्या अलीकडे रस्ता रुंद होता, तिथं गाडी कडेला घेतली, चारी इंडिकेटर लावले, डाव्या दारानं उतरली. कठड्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. धुकं हळूहळू चढत होतं.

"गाडीला काय झालं?" मागून तोच आवाज.

"काही नाही. मला तुमचे डोळे तपासायचेत."

"माझे डोळे चांगले हायत."

"तेच बघायचंय. खोळ मागे घ्या. वर बघा... माझ्याकडे नाही, वर."

"वर काय बघण्यासारखं नाय."

"हलू नका."

तिनं खिशातला छोटा टॉर्च काढला आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर धरला. मेलेल्या माणसाच्या बुबुळावर कितीही उजेड पाडा, बाहुली ढिम्म हलत नाही, हे ती शिकली होती. ती श्वास रोखून बघत राहिली. आणि ती काळीभोर बाहुली आकसली... टाचणीच्या डोक्याएवढी झाली. मग डावा डोळा. त्यातली बाहुलीसुद्धा आकसली.

"जिवंत आहात," ती म्हणाली आणि मटकन कठड्यावर बसली.

"शंका हुती व्हय?"

"सगळ्या घाटाला आहे."

त्याचं नाव सोमनाथ. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता, गुरुवारी सुट्टी. मोटारसायकल खाली सागाच्या झाडीत लावून चढून यायचा. त्याआधी तो याच रस्त्यावर जीप चालवायचा, आणि मंगळू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

"ते दगड माझे हुते," तो म्हणाला. आरोहीकडे बघायची हिंमत त्याला नव्हती. "बाजाराचा दिवस, जीपभर पॅशिंजर, सगळे घाई करत हुते. पंचर काढलं आन निघालो. मंगळू मागून येतोय हे ठावं हुतं मला. तरी निघालो."

आरोहीनं त्याचा हात धरला. गार होता, पण नाडी लागत होती.

"पहिल्यांदा मी लाल फडकं घेऊन उभा राहायचो. ड्रायव्हर लोक शिव्या द्यायचे. मग कुणीतरी म्हटलं मंगळूचं भूत हाय, आन सगळे वळणावर स्लो झाले. जित्या माणसाचं कोण ऐकतंय, म्याडम? भुताचं ऐकतात."

"आरोही म्हण. आणि ते आता भाकरी ठेवण्यापुरतेच स्लो होतात. तुला बघून ब्रेकसुद्धा मारायचा नाही, असं ठरलंय त्यांचं. मी कानांनी ऐकलंय. तू असा मेलेला मला नकोयस."

"आन साळूमावशीला काय सांगू? तिचा मंगळू इथं हाय असं तिला वाटतंय. तेवढ्यावर जगतीय ती. तिची भाकरी मी खातो... टाकून देववत नाय, आन घशाखाली उतरत नाय. मी हाय म्हणून कळलं तर तिचा पोरगा दुसऱ्यांदा मरंल."

पुढचे तीन गुरुवार ती येत राहिली. कधी डबा आणायची, कधी नुसती गप्पा मारायची. तो तिला गाडीचं तेल बघायला शिकवायचा, आणि ती त्याला लांबूनच अक्षरं वाचायला लावायची. तो मुद्दाम चुकायचा, म्हणजे ती जवळ यायची. पण दर वेळी नाशिकला परतताना तिचा जीव त्या वळणावरच राहायचा.

चौथ्या गुरुवारी धुकं इतकं दाट होतं की स्वतःची चप्पल दिसेना. कोणीतरी गाडी दुरुस्त करून तीन दगड रस्त्यातच टाकून गेलं होतं. सोमनाथ दोन उचलून आला, तिसऱ्यासाठी गेला. आरोही कठड्यापलीकडून त्याची पाठ बघत होती... आणि खालून टेम्पोचा आवाज आला. चढावर गिअर बदलला, दिव्यांचे दोन पिवळे डाग दिसले. ड्रायव्हरला सोमनाथ दिसला होता. दिसलाच होता, कारण टेम्पोचा हॉर्न एकदम चालू झाला आणि वेग वाढला. तो आरपार जायला निघाला होता.

वाकलेला सोमनाथ उठलाच नाही. दगड हातात, मान खाली. आजपर्यंत आरोहीला वाटत होतं की तो लोकांना वाचवायला इथं येतो. त्या क्षणी तिला कळलं की त्याला कधीतरी हेच व्हायला हवं होतं.

"सोमनाथ," ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "सोमनाथ, इकडे ये. माझ्याकडे ये."

त्या वळणावर चार वर्षांत कुणी त्याला त्याच्या नावानं हाक मारली नव्हती. त्यानं मान वर केली. मग दगडासकट कठड्याकडे उडी टाकली. टेम्पो त्याच्या खोळीला घासून गेला, आणि काळं प्लास्टिक फडफडत दरीत उतरलं. आरोहीनं त्याला दोन्ही हातांनी अलीकडे ओढलं. कितीतरी वेळ दोघं तिथंच बसून होते, आणि रडत कोण होतं ते सांगता आलं नसतं.

"आज साळूबाईंकडे जायचं," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. तिसरा दगड त्यानं नीट कठड्याच्या कडेला ठेवला आणि गाडीत बसला.

टपरीत दोनतीन ड्रायव्हर होते. सोमनाथ साळूबाईपुढं उभा राहिला आणि एका दमात सांगून टाकलं. "मावशी, वळणावर मंगळू नसतो, मी असतो. आन ते दगड माझे हुते."

साळूबाईनं त्याच्या तोंडात एक ठेवून दिली. असा आवाज झाला की सगळे चिडीचूप. मग ती चुलीपाशी बसली आणि पदर तोंडाशी धरून खूप रडली. सोमनाथ जागचा हलला नाही.

"भाकरीचं फडकं," ती डोळे पुसत म्हणाली. "दर गुरुवारी दगडावर धुऊन, घडी घालून ठेवलेलं असायचं. माझ्या मंगळूनं जन्मात कधी फडकं धुतलं नाय. कुणीतरी जितं माणूस हाय एवढं मला ठावं हुतं. कोण ते इचारलं नाय. इचारलं असतं तर भाकरी कुणाला धाडली असती?"

मग ती ड्रायव्हरांकडे वळली. "ऐका रं. वळणावर माणूस दिसला तर ब्रेक मारायचा. मंगळूची आई सांगतीय. आन चाकाचा दगड जो टाकून जाईल त्याला माझ्या टपरीवर चहा नाय." त्या घाटात दुसरी टपरी नव्हती, त्यामुळं सगळ्यांनी मुकाट माना डोलावल्या.

सोमनाथला तिनं जेवायला वाढलं. बोलली नाही, पण वाढलं. त्यानं तिथं बसून, तिच्यासमोर, पोटभर खाल्लं.

बाहेर आल्यावर धुकं तसंच होतं, पण सोमनाथच्या डोक्यावर खोळ नव्हती. आरोहीनं त्याला पहिल्यांदाच त्या वळणाबाहेर पुरता पाहिला. गालावर पाच बोटं उमटली होती.

"आता गुरुवारी कशाला येऊ मी?" तो म्हणाला. "दगड तर हीच लोकं उचलतील."

"नको येऊस."

त्याचा चेहरा उतरला. तिनं मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला... हो, एवढा सूड तर हवाच.

"मला तू आवडतोस, सोमनाथ. फार आवडतोस. आणि मला धुक्यात भेटायचा कंटाळा आलाय. रविवारी घरी ये. नाशिकला, गंगापूर रोडला. दिवसाढवळ्या."

"घरी?" तो गडबडला. "तुझ्या आईबाबांना काय सांगशील, मी कोण म्हणून?"

"जिवंत आहे एवढं मी सांगेन," आरोही म्हणाली. "पुढचं तुझं तू सांग."

तो गालावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"किती वाजता येऊ?" त्यानं विचारलं.