खिडकीवर सांगितलेलं नाव

"मला त्या खाटीकखान्यात नेऊ नका रं!... माझा धर्मा कापला, तेवढ्यानं हिचं मन भरलं न्हाय का?"

सखुबाईचा हा आक्रोश कानावर आला आणि चुलीपुढे पेज ओतणारी मैना जागच्या जागी थिजली. सहा वर्षं! सहा वर्षांत सासूने तिला नावाने हाक मारली नव्हती, की तिच्या हातून काही घेतलं नव्हतं. पेज मैनेने शिजवायची, वाटी धाकट्या दिराच्या, चांगदेवच्या हातात द्यायची, आणि त्याने ती आईपुढे नेऊन ठेवायची. एका छपराखाली दोन विधवा, आणि त्यांच्यामध्ये हा बिचारा टपालवाला!

पण आज पेज घशाखाली उतरण्याची वेळ निघून गेली होती. तीन दिवस म्हातारी पोट धरून तळमळत होती. अलिबागेहून डॉक्टर छकड्यात बसून आला, पोट दाबून पाहिलं आणि बाहेर अंगणात येऊन म्हणाला, "पोटात गोळा आहे, त्याला पीळ पडलाय. मुंबईच्या थोरल्या इस्पितळात उद्या-परवाच्या आत कापून काढला तर वाचेल. इथं ठेवलीत, तर पुढचं मी सांगायला नको."

त्या इस्पितळाविषयी खारकोंडच्या मिठागरांवर दोन गोष्टी सांगितल्या जात. तिथे खाटेला खिळलेला माणूस उठून चालत घरी येतो ही एक, आणि चालत गेलेला माणूस परतच येत नाही ही दुसरी. पहिली गोष्ट कुणी फारशी सांगत नसे. तिथे डॉक्टरकी शिकणारी शेकडो पोरं असतात, गरिबांच्या अंगावर हात बसवतात, आणि ज्याला न्यायला कोणी येत नाही त्याला दगडी टेबलावर घेऊन त्याचा सांधान् सांधा सोडवतात, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि त्याचा दाखला म्हणून बोट दाखवलं जाई ते सखुबाईच्या घराकडे!

"न्यायचंच असंल," कळ ओसरल्यावर सखुबाई चांगदेवचा हात गच्च धरून म्हणाली, "तर माझं नाव सांगायचं न्हाय. त्यांच्या बुकात खरं नाव चढलं का यमाला घर सापडतं. रंगू नारायण सांग. गाव रेवदंडा सांग. माझ्या गळ्याची आण हाय तुला, चांग्या!"

चांगदेवचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने वहिनीकडे पाहिलं. मैनेने नजर खाली वळवली. हेच... अगदी हेच शब्द!

सत्तावीस सालच्या चैत्रात मैनेच्या नवऱ्याच्या, धर्माच्या तळपायात मिठाची खपली घुसली, जखम चिघळली आणि विष गुडघ्यापर्यंत चढलं. सासूचा विरोध न जुमानता मैनेनेच त्याला आगबोटीत घातलं. धक्क्यावर निरोप देताना सखुबाईने चांगदेवला बाजूला घेऊन असंच बजावलं होतं. इस्पितळाच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव काय?" आणि मैना पदर तोंडाशी धरून मुकाट उभी राहिली. आगरातली कुठली बाई परक्या पुरुषापुढे नवऱ्याचं नाव घेईल? चांगदेव पुढे झाला आणि म्हणाला, "नामा गोविंद. मुक्काम रेवदंडा." मैनेने ते ऐकलं. तिला ते खटकलं. पण खरं नाव सांगायचं तर ओठांवर आणावं लागलं असतं... ती गप्प बसली.

धर्माचा पाय कापला, ताप उतरला. मोठा डॉक्टर म्हणाला, धोका टळला, आठ दिवसांनी या. मिठागरात शेवटचं मीठ ओढायचं होतं, म्हणून दोघं परतली. चौथ्या दिवशी धर्मा गेला. इस्पितळाने नियमाप्रमाणे कार्ड टाकलं. पोस्टमन रेवदंड्याच्या घरोघर नामा गोविंदची माणसं शोधत हिंडला. असा कुणी कधी त्या गावात जन्मलाच नव्हता. कार्ड परत गेलं. आठव्या दिवशी ही दोघं पोचली तेव्हा त्या बेवारशी देहाला विद्यार्थ्यांच्या दालनात नेऊन दोन दिवस उलटले होते.

परतीच्या आगबोटीत चांगदेव कठड्यावर पाय टाकून उभा राहिला, तेव्हा मैनेने त्याची कंबर धरून त्याला खाली ओढलं. "भावजी, तुमचा दोष न्हाय. पण आत्याबायला हे कधी कळू द्यायचं न्हाय. आपल्याच तोंडानं आपला लेक घालवला, हे कळलं तर ती एक दीस जगायची न्हाय."

घरी आल्यावर सासूने विचारलं, माझ्या धर्माचं मढं कुठं हाय? त्यावर मैना मान खाली घालून म्हणाली, "डाक्तरांनी मागितलं. मी अंगठा दिला."

त्या एका वाक्याने तिने आपल्या उभ्या जन्माला आग लावली. मिठागरात बायका तिच्या शेजारी बसेनात. तिची सावली बाळंतिणीवर पडू नये म्हणून दारं लोटली जात. आणि सासूच्या जिभेवर तर ती डाकीणच होती! मैना सगळं सोसत गेली. कारण आपणही त्या खिडकीवर गप्प उभ्या होतो, हे तिचं काळीज तिला रोज सांगत होतं.

आणि आज पुन्हा तीच वाट!

सकाळच्या आगबोटीत सखुबाईला घोंगडीवर निजवलं होतं. समुद्र तेलासारखा निपचित होता. कळ आली की म्हातारी ओठ चावी, आणि कळ गेली की पुटपुटे, "रंगू नारायण... रेवदंडा... रंगू नारायण..." शाळेतल्या पोरीने धडा घोकावा तसं ती आपलं मरणच घोकत होती, आणि ते फक्त मैनेला आणि चांगदेवला कळत होतं.

"वयनी, काय करू ग मी?" चांगदेव कुजबुजला. "गळ्याची आण घातली हाय आयनं."

मैना मनातल्या मनात हिशेब मांडत होती. खोटं नाव लागलं, आणि आत काही बरंवाईट झालं, तर देह ताब्यात घ्यायला गावच्या पाटलाचा दाखला लागतो. रंगू नारायणचा दाखला कोणता पाटील देणार? आणि खरं नाव सांगावं, तर सासू विचारणार, का सांगितलंस? मग सहा वर्षं पदराखाली झाकलेला निखारा त्या दुखऱ्या जिवावर पडणार. कुठूनही पाहिलं तरी मैनेच्याच हातून सासूचा घात होता!

इस्पितळाचं आवार म्हणजे एक वेगळं गावच होतं. डोळ्यांचे रोगी एका दारी, बाळंतिणी दुसऱ्या दारी, पिसाळलेलं कुत्रं चावलेले तिसऱ्या दारी. कुठे औषधाच्या बाटल्या भरून देत होते, कुठे हाडं बसवत होते. पांढरे डगले घातलेली पोरं मोठ्या डॉक्टरामागून चालली होती. कापडी डोलीतली सखुबाई त्यांच्याकडे पाहून पुटपुटली, "हीच ती... ह्यांनीच माझा धर्मा..." तिने डोळे मिटून घेतले.

खिडकीशी कारकून बसला होता. त्याने टाक शाईत बुडवला. "नाव?"

चांगदेव खिडकीपासून एक पाऊल मागे सरला. तेव्हा डोलीतून सखुबाईच म्हणाली, "रंगू नारायण. रेवदंडा."

कारकुनाचा टाक कागदावर टेकला... आणि मैना पुढे झाली. डोक्यावरचा पदर खिडकीच्या गजाला अडकून खाली आला, तरी तिला भान नव्हतं.

"न्हाय साहेब! खोटं हाय! सखुबाई काळू म्हात्रे. मौजे खारकोंड, तालुका अलिबाग."

सासऱ्याचं नाव! सासूचं नाव! सुनेच्या तोंडून, परक्या पुरुषापुढे, चार माणसांत! चांगदेव पाहतच राहिला. सखुबाई कोपरावर उठायचा प्रयत्न करीत किंचाळली, "डाकिनी! आता माझं घर दावतेस व्हय यमाला? नवरा दिलास, आता मला देतेस? तुझं तोंड झडो!"

"देते!" मैना रडत म्हणाली. "म्हणा काय म्हणायचं ते. पण खोट्या नावानं मी तुम्हाला आत सोडणार न्हाय."

"का? का न्हाय?"

"आये, तिला बोलू नको!" इतका वेळ स्वतःला दाबून धरलेला चांगदेव एकदम फुटला. मैनेने त्याच्या तोंडावर हात ठेवला, तो त्याने झिडकारला. "न्हाय वयनी, आता बस झालं! आये, वयनीनं अंगठा दिला न्हवता. कुणीच दिला न्हवता. दादा गेला तवा इस्पितळानं कार्ड धाडलं, पण ते नामा गोविंदच्या नावानं रेवदंड्याला गेलं. तू सांगितलं व्हतंस ना खोटं नाव? मीच खिडकीवर सांगितलं ते. दादाला न्यायला कुणी आलं न्हाय म्हणून तो... म्हणून त्याला..." पुढे त्याला बोलवेना. "तुला कळू नये म्हणून हिनं सगळं आपल्या डोक्यावर घेतलं ग आये!"

सखुबाईने लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा राग कुणीतरी पुसून काढावा तसा गेला, आणि मागे काहीच उरलं नाही. ती हळूच डोलीत आडवी झाली आणि तिने तोंड फिरवलं.

"जवळचं माणूस कोण?" कारकुनाने आता जरा हलक्या आवाजात विचारलं.

"मैना. सून," चांगदेव म्हणाला. डोली उचलली गेली. सखुबाईने मागे वळून पाहिलं नाही.

बायकांच्या वॉर्डात नातेवाइकांना एरवी मज्जाव. दोघं बाहेरच्या व्हरांड्यात बसून राहिली. संध्याकाळी भेटीची घंटा झाली तेव्हा मैना उंबऱ्यापर्यंत गेली. खाटेवरची पाठमोरी सासू पाहिली, आणि तिथूनच माघारी फिरली. कोणत्या तोंडाने जवळ जायचं? सहा वर्षं जे जपलं, ते ऐन वेळी आपणच उधळून दिलं! म्हातारीने जगण्याची आशा सोडली असेल तर डॉक्टर तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सखुबाईला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. मागोमाग वीस-पंचवीस विद्यार्थी वह्या घेऊन आत शिरले. दार लागलं. दहा वाजले, अकरा वाजले. एकदा आतून एक विद्यार्थी धावत बाहेर आला आणि कसलीशी बाटली घेऊन पुन्हा धावत आत गेला. चांगदेवने कपाळ भिंतीला टेकवलं. मैना मनात एकच म्हणत होती, देवा, तिचा राग मला दे, तिचं मरणही मला दे... पण तिला ह्या दारातून बाहेर येऊ दे!

बारा वाजून गेल्यावर विद्यार्थी बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच उमगेना. आणखी दोन तासांनी वॉर्डाच्या दारात नीराबाई नावाची परिचारिका येऊन उभी राहिली. तिच्या हातात कागद होता.

"सखुबाई काळू म्हात्रे! सखुबाईची लेक कोण आहे?"

मैना दचकली, मग तिने आजूबाजूला पाहिलं. दुसरी कुणी सखुबाई असेल. तिची लेक इथेच कुठेतरी बसली असेल, सुखाची बिचारी.

"अहो, सखुबाईची लेक! पेशंट केव्हाची विचारतेय!"

कुणीच उठलं नाही. नीराबाई वैतागून आत वळणार, एवढ्यात चांगदेवने मैनेचा दंड धरला. "वयनी, ऊठ ना! तुला बोलवतात."

"मला? मी लेक न्हाय..." मैना अडखळत पुढे गेली. "बाई, तिला लेक न्हाय. मी सून हाय. मैना."

"अगं मग तूच की!" नीराबाईने कागद तिच्यापुढे धरला. मैनेला वाचता येत नव्हतं; नीराबाईने बोट ठेवून दाखवलं. "हे बघ, इथं 'सून' होतं. काल रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी म्हातारीनं मला खाटेशी बोलावलं. म्हणाली, ते खोडा, लेक लिवा. आणि म्हणाली, सहा वर्षांमागं तुमच्या बुकात माझ्या मुलाचं नाव चुकीचं पडलंय, माझ्यामुळंच पडलंय, ते नीट करा. मी म्हटलं, आजी, जुन्या बुकाला मला हात लावता येत नाही. तर रडायला लागली. मग मी इथंच समासात लिहिलं. धर्मा काळू म्हात्रे, खारकोंड."

मैनेला पुढचं ऐकू आलं नाही. ती धावत आत गेली.

सखुबाईचा चेहरा मिठागरासारखा पांढरा पडला होता. मोठा डॉक्टर पायथ्याशी उभा राहून नीराबाईला सांगत होता, गोळा निघाला, पण अजून दोन दिवस काही खात्री देता येत नाही. सखुबाईने जड पापण्या उघडल्या. मैनेला पाहून तिने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"सहा वर्सं... माझं पाप वागवलंस... मला सांगायचं न्हाय व्हय ग?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जगला नसता, आत्याबाय."

"आनि तू जगत व्हतीस व्हय?" म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानापर्यंत गेलं. तिने चादरीवर चाचपडत मैनेची बोटं शोधली. "मैना... किती हाका मारायला लावल्यास त्या बाईला. ओ का दिली न्हाईस?"

"मला वाटलं... दुसऱ्या कुणाच्या लेकीला बोलावतात."

"खुळी हाईस," सखुबाई म्हणाली. "दुसरी हाय कोण मला?"

मैनेने तिच्या उशाशी डोकं टेकलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली. भेटीची वेळ झालेली नव्हती, पण नीराबाईने तिला बाहेर जायला सांगितलं नाही.