पर्णस्पंद

ज्याची आपण शुश्रूषा करतो, त्याने आपल्याला सर्वांहून अधिक ओळखावे, ही इच्छा शुश्रूषेइतकीच पुरातन आहे. ती अतृप्त राहिली की तिच्यातून मत्सर उपजतो, आणि मत्सराने केलेली सेवा संथ विषासारखी भिनते.

नाशिकच्या एका उंच इमारतीत, मुग्धा खांबेटे यांच्या दिवाणखान्यात युक्काचे झाड होते. कन्या सानिका परदेशी जाताना म्हणाली होती, “आई, हिला तूच सांभाळ.” पुढे पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा मुग्धाताईंनी ‘पर्णस्पंद’ आणले. खोडाला चिकटवायची ही पातळ पट्टी वनस्पतीच्या पेशींतील सूक्ष्म विद्युत्तरंग टिपते. झाड त्या क्षणी स्वस्थ असेल तर हिरवी होते, क्लेशात असेल तर तांबडी.

पती शिरीष जवळून गेले, की पट्टी हिरवी राही. मुग्धाताई आल्या, की तांबडी.

“अहो, तुम्ही काय करता हिला?”

“मी? मी तर तिच्याकडे बघतसुद्धा नाही!” शिरीष हसले. “माणसाची पारख आहे हो झाडाला.”

“पारख म्हणे! तुमची लेकही तशीच. फोन करायचा तो आधी बाबांना.”

त्या हसण्याचा सल मुग्धाताईंच्या मनातून जाईना. देवपूजा झाली की अभिषेकाचे पाणी त्या युक्काच्या कुंडीत घालीत. ते पायदळी येऊ नये म्हणून; आणि त्या घरात तुळस तर उन्हाअभावी जगत नव्हती. आता झाडाने आपल्यालाही ओळखावे म्हणून पंचामृताची वाटीही त्या तिथेच विसळू लागल्या. शिरीष झाडाशेजारी वाचत बसले, तर काहीतरी निमित्त काढून त्यांना बाजारात धाडू लागल्या. पट्टीचा रंग अधिकच गडद झाला.

अखेर वनस्पतिवैद्य फाल्गुनी सोनवणे आल्या. त्यांनी बुंधा दाबून पाहिला. तो मऊ लागला. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढताच आंबूस दर्प पसरला. मुळे तपकिरी, लिबलिबीत झाली होती.

“काकू, यात दूध कोण घालतं?”

“दूध कसलं? अभिषेकाचं पाणी आहे. तीर्थ आहे ते!”

“देवाला रोज स्नान चालतं, काकू. ही कोरड्या मुलखातली. मुळं सतत ओली राहिली, की त्यांना हवा मिळत नाही, कुजतात.”

“मग ह्यांना बघून बरी हिरवी होते?”

“काका काहीच करत नाहीत ना, म्हणून! तुमच्या पावलांचा कंप फरशीतून कुंडीपर्यंत पोचतो. त्या कंपामागून गुदमरणं येतं, एवढं ती शिकली आहे.”

मुग्धाताई खुर्चीत बसल्या. “म्हणजे मला ओळखते ती.”

“सगळ्यांत जास्त.”

फाल्गुनींनी कुजलेला भाग कापून टाकला. वरचे टणक खोड सावलीत सुकू दिल्यावर वाळूमिश्रित मातीत लावायचे, माती पूर्ण कोरडी झाल्याविना पाणी द्यायचे नाही, असे त्यांनी सांगितले. “आणि काकू, रोज हिच्याजवळ या. पण रिकाम्या हातांनी.”

अभिषेकाचे पाणी आता शिरीष इमारतीखालच्या आंब्याला घालतात. मुग्धाताई नव्या कुंडीपाशी नुसत्या उभ्या राहतात. पट्टी अद्याप तांबडीच होते. परवा मात्र तो रंग क्षणभर फिकुटला. प्रेमामुळेच भय शिकलेला जीव त्याच पावलांवर पुन्हा विश्वास ठेवायला शिकेल का?

त्याच्या नव्या मुळांना वारा लाभो, आणि त्या रित्या हातांना धीर.