भावसेतूचं दुसरं टोक

प्रयोगशाळेच्या टेबलावर रोहिणीचा कुत्रा गुंड्या धापा टाकत पडला होता. त्याच्या अंगाखाली तिची वापरलेली ओढणी होती. ती कामावर निघाली की रोज अशीच एखादी त्याच्या टोपलीत ठेवायची, म्हणजे स्वारी तिच्या वासावर संध्याकाळपर्यंत तग धरायची. पण आता कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. औषधांनी दुखणं आवरलं, भीती काही आवरेना. मज्जाशास्त्रज्ञ असूनही रोहिणी केळुसकरला ते बघवेना. तो मरणार हे तिनं मान्य केलं होतं. घाबरत मरू नये, एवढाच तिचा हट्ट होता.

"भावसेतू लाव," ती म्हणाली.

तिचा सहकारी झुबेर कचरला. "अगं, आपणच बनवलाय तो, तुला काय सांगू? तुझी शांती त्याच्याकडे जाईल, तशी त्याची भीती तुझ्याकडे येईल. जास्त वेळ गेला तर त्या भीतीचा ठसा तुझ्या मेंदूत कायमचा राहील. त्याचा श्वास मंदावला की तुझ्या कपाळावरची पट्टी काढायची."

"काढीन."

पण गुंड्याची नजर तिच्यावर स्थिरावली, शेपूट हललं, आणि मग कसली काढतेय? त्याचा श्वास थांबेपर्यंत तिनं पट्टी दाबून धरली. झुबेरला जवळसुद्धा येऊ दिलं नाही.

काही दिवसांनी संध्याकाळी झुबेर तिच्या घरी गेला. बेल वाजवण्याआधीच दार उघडलं. रोहिणी दाराआड जमिनीवरच बसली होती. त्याला पाहून तिचा चेहरा पडला.

"कुणीतरी यायचंय रे. जिन्यावर पाऊल वाजलं की जीव हरखतो. दार उघडलं की वाटतं, हे नव्हे. आई आली तरी तेच! कोण यायचंय, तेच कळत नाही."

झुबेर तिच्याशेजारी खाली बसला. "दुखणं आपण थांबवलं होतं, रोहिणी. मग तो घाबरत कशाला होता? तू दिवसभर प्रयोगशाळेत, तो घरात एकटा. त्याला जन्मभर एकच भीती होती. तू परत येणार नाहीस, ही."

"म्हणजे मी..."

"तू तुझीच वाट बघतेयस."

तो गेल्यावर ती मोठ्यानं म्हणाली, "आलेय मी!" स्वतःला नावानं हाक मारून पाहिली. छे! कान जिन्याकडेच.

अखेर तिनं धुवायच्या कपड्यांतून स्वतःची ओढणी ओढून काढली आणि नाकाशी धरली. जीव थोडा निवला. दारापाशी अंगाचं मुटकुळं करून ती त्या ओढणीवर झोपली.

जिन्यावर पावलं वाजली. तिनं मान वर करून कानोसा घेतला, आणि पुन्हा ओढणीवर टेकवली.