फक्त कायद्याच्या विद्यार्थिनीसाठी

दाखवून झाले का सगळ्या खोल्यांचे फोटो? ठेव आता तो फोन. गॅलरीतला दिवा मालव, डास येतात. आणि तू रे, बहिणीला चिडवायला बसला असशील तर आत जाऊन झोप.

हे बघ पोरी, तुझी आई म्हणते होस्टेलच, बाप म्हणतो आत्याकडे राहा, आणि तुला हवी आहे स्वतंत्र खोली. मामा म्हणून मी कुणाचीच बाजू घेत नाही. आमच्या कारखान्यातल्या फिटरच्या मुलीचं काय झालं तेवढं सांगतो. तीही कायद्यालाच गेली होती. ऐक, आणि मग तुझं तू ठरव.

फिटर आणि मी एकाच पाळीला असायचो. पाण्याचे पंप बनवायचा कारखाना. तो पंप जोडायचा, मी तपासायचो. मोजकं बोलणारा माणूस, पण कामात त्याचा शब्द शेवटचा. घरी मात्र त्याचं काही चालायचं नाही, कारण धाकटी लेक. वाद घालण्यात अशी पटाईत की दूध पी म्हटलं तरी त्यानं उंची वाढते याचा पुरावा मागायची. सगळे तिला वकिलीणबाई म्हणायचे. चिडवता चिडवता ती खरंच कायद्याच्या परीक्षेला बसली आणि पासही झाली. त्या दिवशी फिटरनं कारखान्यात पेढे... नाही, पेढे नव्हते, बिस्किटं वाटली. पण चेहरा असा, की मालकच जणू तो.

कॉलेज दुसऱ्या शहरात. बापलेक सकाळच्या बसनं खोली बघायला गेले. होस्टेल भरलेलं. एका फ्लॅटमध्ये तीन मुली राहत होत्या, चौथी हवी होती. पण तो लांब, दोन बस बदलून जायचं, आणि खाली व्यायामशाळा. तिथं सदा ढणढण गाणी. मुलींनी हिला चहा पाजला, कपाटातला हिचा कप्पाही दाखवला. हिला तो फ्लॅट आवडला. बापाचं मात्र त्या गाण्यांनी डोकं उठलं.

परतताना कॉलेजच्या फाटकावर एक कागद चिकटवलेला दिसला. 'एक खोली. फक्त कायद्याच्या विद्यार्थिनीसाठी.'

घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. दोन मजली. वर एक म्हातारी एकटी राहायची, कानाला मशीन लावलेली. खाली तिच्या भावाचं ऑफिस. भाऊ वकील होता, तो वारला. खोलीत त्याचं भलंमोठं टेबल, टेबलामागे फिरती खुर्ची, समोर अशिलानं बसायची साधी लाकडी खुर्ची. भिंतभर कायद्याची पुस्तकं. कोपऱ्यात नवी कोरी कॉट. गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार. आणि शांतता अशी, की नळाचा थेंब पडला तर ऐकू यावा. फिटर हरखून गेला. पुस्तकांवरून हात फिरवत म्हणाला, "अगं, तुझ्यासाठीच मांडून ठेवलंय हे."

मुलगी दाराशी उभी होती. फिटरची पोर ती, तिची नजर भलतीकडे. दाराजवळचं बेलचं बटण काढलेलं होतं, वायरींच्या टोकांना टेप गुंडाळलेली.

"आजी, बेल का काढली?"

म्हातारी म्हणाली, "माणसं वेळी-अवेळी यायची. भाऊ गेल्यावरही येत राहिली. कुणी आलंच तर वकील वारले म्हणून सांगायचं."

मुलीनं बापाला बाजूला घेतलं. "बाबा, मला तो फ्लॅट चालेल."

"तिथं काय अभ्यास होणार तुझा? नाचायला जायचंय का?"

"तसं नाही. इथं मला..."

"काय इथं?"

तिला सांगता येईना. जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे पुरावा नव्हता. खोली ठरली.

पहिले काही महिने सुरळीत गेले. चाचणीत चांगले मार्क पडले. फिटर आम्हाला ऐकवायचा, "बघा, जागा बघून घेतली की असं होतं." सहामाही परीक्षा संपल्यावर एका संध्याकाळी ती दिवा लावून वाचत बसली होती. दारावर टकटक झाली. हलकी, बिचकत केल्यासारखी.

"वकीलसाहेब आहेत का?" बाईचा आवाज.

हिनं आतूनच सांगितलं, "नाहीत हो. वारले ते."

मग आवाज आला, "मग तुम्ही?"

"मी शिकतेय अजून. कायद्याला आहे."

आणि मग बाहेरून अगदी हळू, सुटका झाल्यासारखं, "चालेल."

हिला वाटलं बाई गेली. पण पावलं वाजली नाहीत. दार उघडलं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. समोरचा दुकानदार शटर ओढत होता. तिनं विचारलं, "काका, इथं बाई होती ती कुठं गेली?" तो म्हणाला, "कुठली बाई? मी मघापासून इथंच आहे."

तिनं बापाला फोनवर हसत सांगितलं. "बाबा, पहिलं अशील आलं होतं. फी न देता पळालं." आम्हीही हसलो.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. आमची रात्रपाळी. पावणेदोनला चहाची सुट्टी व्हायची. फिटर आणि मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. सोमवारी कॉलेजात त्यांचा लुटुपुटूचा खटला असतो ना, त्यात हिला उभं राहायचं होतं, म्हणून ती जागी असणार हे त्याला माहीत होतं. त्यानं फोन लावला. पलीकडचं बोलणं मला त्यानं नंतर सांगितलं. पण मी जोडूनच सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल.

"जेवलीस का?"

"जेवले. बाबा, मुद्दे झालेत सगळे, फक्त शेवट जमत नाही."

"जमेल. मैत्रीण आलीय वाटतं अभ्यासाला?"

"नाही. एकटीच आहे."

"मग बोलतंय कोण?"

"कुठं?"

"अगं, तुझ्या शेजारी. बाई बोलतेय."

"बाबा... कुणी नाहीये इथं."

फिटरनं फोन कानाशी घट्ट धरला. चहाचा कप खाली ठेवला. मी विचारलं, "काय रे?" त्यानं हातानं गप्प बस म्हणून खुणावलं.

तो ऐकत होता.

पोरीला काही ऐकू येत नव्हतं. फोनमधून मात्र त्याला स्वच्छ येत होतं. एका सुरात. पाठ केल्यासारखं. "मी नाही ढकललं त्याला कालव्यात. पाय घसरला. मी हात दिला होता. त्यानं धरला नाही. मी हात दिला होता. त्यानं धरला नाही. हे तुम्ही सांगा."

"बाबा, बोला ना काहीतरी."

"तू... उठ तिथून. बाहेर जा."

"का?"

"उठ म्हणतो ना."

मग पलीकडून फक्त तिचा श्वास. बराच वेळ.

"बाबा."

"हां."

"समोरची खुर्ची..."

"काय?"

"...आत सरकवलेली होती."

पुढं काही नाही.

फिटर उठून उभा राहिला. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो. त्याचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. साहेबापुढं हात जोडून बोलावं तसा तो फोनमध्ये बोलला, आणि लेकीशी नाही. "बाई, ती लहान आहे हो. अजून शिकतेय. तिच्याकडे सनद नाही. तिला कोर्टात उभं राहता येत नाही. सोडा तिला."

फोनमधलं बोलणं थांबलं.

मग ती बाई म्हणाली, "थांबेन मी."

फोन कट.

पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला. नाही. कारखान्याची छोटी गाडी होती, वॉचमनला काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण चावी मिळाली. मी चालवली. सगळ्या रस्त्यात तो एवढंच बोलला, "मीच घ्यायला लावली ती खोली." मी म्हटलं, "असं नको बोलूस." त्याला ऐकू गेलं नसावं.

पोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली. अनवाणी. अंगावर काही लागलेलं नाही, रडलेली नाही. बापाला बघून उठली, त्याचा हात धरला, आणि गाडीत येऊन बसली. वर पाहिलं तर खिडकीत म्हातारी उभी. कानात मशीन नव्हतं.

मी वर गेलो. संतापलो होतो. मशीन लावेपर्यंत थांबलो आणि विचारलं, काय प्रकार आहे हा.

तिनं हो-नाही केलं नाही. सांगून टाकलं. आपल्याच लहानग्या पोराला कालव्यात ढकललं म्हणून एका बाईवर खटला होता. नवऱ्याकडच्या माणसांनीच साक्ष दिली होती. तिचं वकीलपत्र भावाकडे. ती जामिनावर होती तेव्हा रोज यायची, तारीख विचारायची. निकालाआधी शेवटचं बोलायचं होतं त्या दिवशी भाऊ कोर्टात गेलाच नाही, दुसऱ्या मोठ्या अशिलाकडे गेला. तिच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही. शिक्षा झाली. तुरुंगात वर्षही काढलं नाही तिनं, तिथंच गेली. "आणि मग बेल वाजायला लागली," म्हातारी म्हणाली. "भाऊ तर त्या आवाजानंच गेला. मी रात्री मशीन काढून ठेवते."

"मग दुसऱ्याची पोर का बसवलीत तिथं?"

म्हातारी म्हणाली, "कुणीतरी ऐकायला हवं होतं ना तिचं. मला कायद्यातलं काय कळतं?"

खाली आलो. मुलीचं सामान मीच भरलं. हो, एकट्यानंच. ती लाकडी खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली होती, माणूस उठून गेल्यावर असते तशी. मी तिला हात लावला नाही.

परतीच्या वाटेवर फिटरनं विचारलं, "फोन बंद पडल्यावर काय झालं?"

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "मग मलाही ऐकू यायला लागलं."

"काय?"

"सगळं. सुरुवातीपासून सांगितलं तिनं. मी बसून ऐकलं."

"काय सांगितलं?"

तेव्हा ती बापाकडे वळली. एका रात्रीत पोर मोठी झाली होती. इतक्या शांतपणे म्हणाली, की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"ते नाही सांगता येणार, बाबा. ते माझ्या आणि अशिलाच्या मधलं आहे."

आजतागायत तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही.

नाही, कॉलेज सोडलं नाही तिनं. त्या फ्लॅटमधली चौथी जागा अजून रिकामी होती, तिथं गेली. ढणढण गाण्यांत अभ्यास केला. त्या मुली सांगायच्या, हिला शांत जागेत झोप लागत नाही. पुन्हा काही वाजलं नाही, काही दिसलं नाही. फिटर हळूहळू माणसांत आला. म्हातारी वारली, घराला कुलूप लागलं. आम्हाला वाटलं, संपलं.

मागच्या वर्षी तिला सनद मिळाली. समारंभ झाला, फोटो झाले, ती काळा कोट घालून घरी आली. आईनं दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली होती. रात्री कोट आणि पांढरा शर्ट खुंटीला टांगून ती झोपली. तिच्याच घरात, आईशेजारी. दार आतून बंद.

सकाळी फिटर शर्ट घेऊन माझ्याकडे आला. पिशवीत गुंडाळून आणलेला. उजव्या हाताचा कफ उलगडून माझ्यापुढं धरला.

कफावर अंगठ्याचा ठसा. जांभळ्या शाईचा. सही न येणाऱ्यांचा कागदावर घेतात तसा. सगळ्या रेषा मोजता येतील इतका स्वच्छ.

घरात शाई आहे का, मी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. साबण लावून झाला होता. आम्ही कारखान्यातलं थिनर लावलं. रॉकेल लावलं. शेवटी कापड विरलं. ठसा गेला नाही.

मला आधी वाटलं, तिचाच असणार. त्या बाईचा. आली असेल, सनद मिळाली म्हणून.

मग मी माझा अंगठा त्याच्याशेजारी ठेवून बघितला.

एवढासा होता तो. माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

चार-पाच वर्षांच्या पोराचा.