पांढरी होडी, लाल मिशा

"लागला! बरोब्बर पाठीत!" दलालकाका टाळी वाजवून हसले. त्यांनी फेकलेला नट खणकन उडाला आणि पांढरी मांजर केकाटत पिंपांमागे पळाली.

"काका, तिनं तुमचं काय घोडं मारलं होतं?" मिरची कडाडली.

"घाण करते गं! तुझ्या आत्याच्या होडीखाली!"

"अजून आत्याची झाली नाहीये," चष्मिस पुटपुटला.

"चार डोळे असून आंधळाच की रे तू! त्या निळ्या खटाऱ्यात कोण बसेल?" दलालकाका पुन्हा हसले. चष्मिसचे कान लालबुंद झाले.

दुरुस्तीच्या त्या आवारात शिडाच्या दोन जुन्या होड्या लाकडी टेकूंवर शेजारीशेजारी उभ्या होत्या. पांढरी महागडी, चकचकीत, नव्याकोऱ्या गाद्यांची. निळीचे पोपडे निघालेले आणि आत रॉकेलचा भपकारा. आत्या दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून ती एकटीच समुद्र ओलांडणार होती आणि दलालकाका विकत असलेल्या या दोन्हींतली एक होडी आज ठरवणार होती. सुट्टीला आलेली मिरची, तिचा चुलतभाऊ चष्मिस आणि तिच्या सतत मागेमागे असणारा धाकटा भाऊ शेपूट, तिघंही सकाळपासून इथंच होती.

"एक गंमत बघितलीस?" चष्मिस हळूच म्हणाला. "मांजर निळीखाली झोपली तर हा ढुंकूनही बघत नाही. पांढरीखाली गेली की लगेच नेम धरतो!"

"आणि तिच्या मिशा लाल का आहेत?" शेपटानं विचारलं. "रक्त आहे का?"

मिरचीनं पिंपांमागे जाऊन बोटानं मांजरीच्या मिशा पुसल्या. रक्त नव्हतं, गंज होता!

तिघं पांढऱ्या होडीखाली सरपटत गेली. होडी उलटू नये म्हणून पोटाखाली जड लोखंडी कणा असतो. तो जिथं पोटाला जोडलेला होता, तिथून तांबूस पाणी ठिबकत होतं. पावसाचा पत्ता नव्हता आणि होडी तर महिनोन् महिने जमिनीवर!

"म्हणजे आत गेल्या पावसाळ्याचं पाणी साठलंय," चष्मिस म्हणाला. "कणा धरून ठेवणारे बोल्ट गंजलेत. भर समुद्रात तो निखळला तर..."

"आत्या मरेल," मिरची म्हणाली.

ती धावत आत्याकडे गेली. पण आत्या येईपर्यंत दलालकाकांनी फडक्यानं सगळं लख्ख पुसून टाकलं होतं!

"पोरांना निळी आवडलीय, म्हणून थापा मारतायत," ते गोड हसले.

"मिरचे, लाज नाही वाटत खोटं बोलायला?" आत्या फटकारून म्हणाली. "माझं ठरलंय. जेवण झालं की सही करते."

मिरचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते आटलं आणि तिची नजर पिंपांकडे गेली.

"माणसांचं ऐकत नाहीत ना? मग मांजरच दाखवेल!"

तिनं डब्यातले खारट सुके मासे मांजरीपुढे टाकले. मांजरीनं बकाबका खाल्ले. शेपटानं तिच्यासाठी भरून ठेवलेली पाण्याची वाटी मिरचीनं उपडी केली.

"ताई, ती पाणी मागतेय गं!" शेपूट रडकुंडीला आला.

"मागू दे! थोड्या वेळानं होडीखाली पुन्हा पाणी ठिबकेल, मग ती तेच प्यायला धावेल."

मांजर तिच्या पायांना अंग घासत राहिली, तोंड उघडून ओरडत राहिली. मिरचीनं तिच्याकडे बघितलंच नाही.

जेवणं झाली. दलालकाका आत्याला शिडीकडे नेत होते. "चला बाई, वर गादीवर बसून सही करा!" तेवढ्यात मिरचीनं मांजरीला पांढऱ्या होडीकडे सोडलं. मांजर सुसाट त्या सांध्याखाली गेली आणि मान वर करून लपालपा चाटू लागली. तिच्या हनुवटीवरून लाल ओघळ उतरले.

"आत्या, बघ! मांजर होडी पितेय!" शेपूट किंचाळला.

आत्या वाकली. दलालकाकांचा चेहरा उतरला. "हट्!" म्हणत त्यांनी हातातला पाना भिरकावला.

तो मांजरीच्या पायावर बसला आणि एक घाणेरडा कडकन आवाज झाला.

आत्यानं मांजरीकडे बघितलं, मग त्या ओघळाकडे. खिशातला दात तपासायचा आकडा काढून तिनं सांध्यात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"नालायक माणसा!" ती एवढ्यानं ओरडली की आवारातले सुतार धावत आले. "मला बुडवायला निघाला होतास!"

त्यानंतर दलालकाकांची जी खरडपट्टी निघाली, ती अख्ख्या आवारानं ऐकली. आवाराच्या मालकानं त्यांना फाटकाबाहेर काढलं. आत्यानं निळी होडी दोनदा टोकून, खरवडून बघितली. खाली सगळं कोरडं ठणठणीत होतं. तिनं निळीच घेतली.

"शाब्बास रे पोरांनो! माझा जीव वाचवलात!" आत्यानं तिघांना जवळ ओढलं. "मिरचे, तुला खोटारडी म्हटलं, चुकलंच माझं. आणि डोकं कसलं चाललं गं तुझं! काय बक्षीस देऊ?"

"वाटीभर पाणी," मिरची कसंबसं म्हणाली.

पिंपांमागे मांजर मागचा पाय आखडून पडली होती. मिरचीनं वाटी पुढे सरकवली. मांजर फिसकारली आणि मोडक्या पायानं फरफटत मागे सरकली. शेपटानं वाटी उचलून स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाशी धरली, तेव्हा कुठे ती प्यायली.

आत्यानं तिच्या पायाला पट्ट्या बांधल्या. मांजर वाचली, लंगडी झाली, निळ्या होडीवर राहायलाही आली. सुट्टीभर तिघं तिच्याशी खेळली. म्हणजे, दोघं खेळले. मिरचीनं हात पुढे केला की ती उठून दुसरीकडे जाऊन बसायची.