ओढ गं आई!

खोटं सांगायचं माझं वय राहिलेलं नाही. १९६१ सालचा मार्च, भर दुपार. दक्षिण फिलाडेल्फियातलं आमचं स्वयंपाकघर.

माझा भाऊ लूशस आदल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेला होता.

'पिळा' हा नाच त्याचाच. आई लोकांचे कपडे धुवायची. ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. कंबरेतून पिळता पिळता त्यानं गाणं रचलं. तिसऱ्या कडव्याआधी वाद्यं थांबायची आणि तो ओरडायचा, "ओढ गं आई!"

आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत ती रेकॉर्ड गाजली. पण टीव्हीसाठी रेकॉर्ड कंपनीला उजळ कातडीचा चेहरा हवा होता. त्यांनी तेच गाणं वेंडेलकडून गाऊन घेतलं. चर्चमध्ये लूशसच्या शेजारी गाणारा, आमच्या ताटात जेवलेला वेंडेल. त्यानं श्वाससुद्धा लूशससारखे घेतले. फक्त ती हाक गाळली.

"आई तेवढी मला ठेवलीस. उपकार झाले!" लूशस त्याला म्हणाला होता.

त्या दुपारी वेंडेल टीव्हीवर होता. तिथं रेकॉर्ड लावायचे, गायक नुसते ओठ हलवायचा.

"बंद कर त्या चोराला," मी म्हणाले.

"असू दे गं. नाच तर माझ्या लेकाचा आहे." आईनं चादरीचं एक टोक खिळ्याला अडकवलं. ते धरायला आता कुणी नव्हतं.

वाद्यं थांबली...

वेंडेलचे ओठ मिटलेले.

"ओढ गं आई!"

तोच घोगरा आवाज.

वेंडेलनं दचकून मागे पाहिलं. गाणं पुढे चालू राहिलं, त्याचे ओठ हललेच नाहीत. पोरंपोरी नाचतच होती.

मी वळले.

चादर खिळ्यावरून सुटली होती. तरी... हवेत ताणलेली.

"ओढतेय रे," आई म्हणाली.

संध्याकाळी वेंडेलचा फोन आला. "काकू, देवाशपथ, माझ्या रेकॉर्डवर ते नाहीये!"

मग आम्ही लूशसची रेकॉर्ड लावली. तिसऱ्या कडव्याआधी...

नुसती खरखर.

घरची हाक त्या चोराकडे गेली होती. आईनं मरेपर्यंत वेंडेलचा एकही कार्यक्रम चुकवला नाही.

आजही कुठे ते गाणं लागलं, तर तिसऱ्या कडव्याआधी मी बाहेर पडते. हाकेला ओ द्यायला आई नाही.

आणि दुसरं टोक धरायला आता मीच उरले आहे.