विश्रामचं शून्य

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात त्या सकाळी बाराच्या बारा पंचांसमोर हिरवे दिवे लागले आणि बचावाची वकील चारुलता दाभोळे चक्रावली.

हिरवा म्हणजे बचावाकडे कल, तांबडा म्हणजे विरोधात. देशात पंचमंडळाची, म्हणजे ज्युरीची पद्धत पुन्हा सुरू झाल्यापासून 'कलमापक' नावाचं यंत्र खटल्याआधी प्रत्येक पंचाचा मेंदू तपासायचं. कुठलाही दिवा लागला की तो पंच घरी. यंत्र बनवलं होतं चारुलताच्या नवऱ्याने, डॉ. विश्रामने, आणि चालवायचाही तोच. यंत्राला नातीगोती कळत नाहीत, म्हणून कुणी हरकत घेतली नव्हती.

"सगळेच आरोपीच्या बाजूचे?" सरकारी वकील तांबोळी उसळले. "बदला मॅडम, सगळे!"

न्यायाधीशबाईंनी दुपारपर्यंत काम थांबवलं. आरोपी होती अलका गवंडी, चुकीच्या इंजेक्शनने रुग्ण दगावल्याचा ठपका आलेली परिचारिका. ती निर्दोष आहे, याबद्दल चारुलताला शंका नव्हती.

तिने विश्रामला यंत्राच्या खोलीत गाठलं. सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तो अजून फुगलेलाच होता.

"यंत्र शून्य कुठून धरतं रे?"

"मेंदूत मुळात शून्य नसतंच. म्हणून आधारमेंदू लागतो. यंत्राची टोपी घालून मी कोर्टातच बसतो, पंच बघतात तीच माणसं बघतो. पंचाचा कल माझ्याहून किती वेगळा, तेवढंच यंत्र मोजतं."

"आणि आज तू माझ्यावर चिडलायस. तुझ्याशी ताडून पाहिलं तर तिऱ्हाईतही माझा चाहताच ठरणार."

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. एरवी तो चिडलेला नसायचा. ती बोलायला उठली की कौतुकाने बघत राहायचा. म्हणजे खरे तटस्थ पंच तांबडे ठरून घरी जात होते, आणि उरत होते ते त्याच्याइतकेच तिच्यावर भाळलेले. ती आजवर एकही खटला हरली नव्हती.

"इतका जीव आहे तुझा?" तिने विचारलं.

"मी राग सोडतो," तो हळूच म्हणाला. "नवे पंच येतील, अलका सुटेल. कुणाला कळणार नाही. नाहीतर तुझे सगळे खटले पुन्हा उघडतील."

टोपीने चेपलेले त्याचे केस तिने सारखे केले आणि न्यायाधीशबाईंना सगळं सांगून टाकलं.

"मग निर्विकार आधारमेंदू आणा," तांबोळी म्हणाले.

"आणतो," विश्राम म्हणाला. "पण ज्याला मेलेल्या रुग्णाची किंवा अलकाची कणव येईल, त्या प्रत्येकाला तो घरी पाठवेल. उरतील ते चालतील तुम्हाला?"

न्यायाधीशबाईंनी यंत्र बंद करायला लावलं. पंचांना स्वतः प्रश्न विचारले आणि त्याच बारा जणांना बसवलं. त्यांनी अलकाला सोडलं.

पुन्हा उघडलेला पहिलाच खटला मात्र चारुलता हरली. घरी विश्रामने भीत भीत विचारलं, "टोपी घालून मी बसलो असतो तर?"

"तर जिंकले असते," ती म्हणाली, "आणि गुन्हा त्या आरोपीनेच केला होता रे." मग तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.